काट

वृद्धाश्रमाच्या नियमांत कलम नऊ:
प्रत्येक कपड्यावर नावाची आद्याक्षरं हवीत,
नाहीतर धुलाईत कुणाचं काय कुणाकडे जाईल
त्याला आम्ही जबाबदार नाही.

सात नाइटगाऊन, चार स्वेटर,
मोज्यांचे अकरा जोड, एक विजोड.
आईचा संसार आता एका कागदावर मावतो.

रात्री मी अक्षरं शोधत बसले.
सापडली ती फुकट होती, आणि देखणी.
कंपास आणि पट्टी यांखेरीज
कुणाचाही हात न लागलेली.
ए तंबूसारखा ताणलेला,
ओ असा की बोट फिरवावं
तर कुठे सुरू झाला ते सापडू नये,
आणि प्रत्येकाच्या अंगावर बारीक समांतर रेषा,
जुन्या गिरणीच्या खिडकीवर
विटांची कमान असते तशा.
दोन अक्षरं शेजारी ठेवली
की हातात हात घालून वर्तुळात उभी राहत.
परवाना एका ओळीचा:
घ्या, वापरा, विका, मला विचारू नका.

पण त्यात एल साधा होता.
आमचा एल, अंगातून तिरपी काट गेलेला,
तो सव्वीस अक्षरांत कुठून असणार.

वूचमध्ये राहून काटेशिवाय कसं चालेल?
शहराचं नावच तिच्यापासून सुरू होतं.
नावाचा अर्थ होडी. नदी मात्र
गिरण्यांनी केव्हाच जमिनीखाली गाडली.
काट गेली की आई वूत्सिया राहत नाही,
लूत्सिया होते,
आणि लूत्सिया क्मेचिक नावाची बाई
आमच्या घरात कधीच नव्हती.

तरी पहिल्या खेपेला मी साधाच एल छापून नेला.
पंधरा दिवसांत निळा स्वेटर खोली बारात पोचला,
लुत्सिना कोझेराच्या अंगावर.
खोटं कशाला बोलू, तिला तो शोभत होता.

मग अक्षरं काढणाऱ्याला लिहिलं.
तेल्मु व्हिदिगाल, सेतूबाल, पोर्तुगाल.
चौथ्या दिवशी उत्तर आलं:
तुमची रेघ माझ्या जाळीत बसत नाही.
माझे कोन तीस, साठ, नव्वद.
ही कुठूनतरी येते, कुठेतरी निघून जाते.
तीनदा काढली, तिन्ही वेळा अपघात वाटली.
नक्की किती तिरपी असते हो ती?
तुमच्या आईंना विचारून कळवाल?

आई चौतीस वर्षं कापडातले दोष शोधायची.
सुटलेला धागा तिच्या बोटाला
डोळ्यांच्या आधी कळे.
आता ती मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते,
कधी हाकच मारत नाही.

छापील फीत तिने उलटी केली, सुलटी केली.
हे कोणाचं?
तुझं.
माझं नाही. यात दोष आहे.

उशीखालून सुई निघाली. कलम चौदा: सुया, कात्र्या मनाई.
लाल दोरा मला ओवायला दिला.
एकच टाका,
डावीकडून खालून उजवीकडे वर,
वर्तुळाची कड ओलांडून जरा बाहेर.
तीस नाही, साठ नाही.
दोऱ्याला दातांनी तोडून म्हणाली, जा, पुढचा ठाण आण.

फोटो सेतूबालला पाठवला.
अजून उत्तर नाही.
बहुतेक तो कोन मोजत असेल.

शाळेत काट मारली की चूक झाली असं समजायचो.
आई आता चूक दिसली की काट मारते.
परवा जेवणानंतर ती खोली बारात गेली,
दार लोटून घेतलं,
आणि लुत्सिना कोझेराचे सगळे कपडे
दुरुस्त करून आली.
टॉवेलसुद्धा.

धुलाईवाली स्निझाना आज हसत हसत
दोन टोपल्या आमच्याच दारात ठेवून गेली.